समोर दिसतंय की!

काकांनी दोन नंबरचं बटण दाबलं आणि बाई म्हणाली, "सापडत नाही. नाव तपासा."

पुन्हा दाबलं.

"सापडत नाही. नाव तपासा."

"काय नाव तपासा? कालपर्यंत सापडत होतं ना? आज काय तोंडपाठ असलेलं विसरलीस?" काका खेकसले. बाईला काही फरक पडला नाही. ती ज्या सुरात बोलते त्याच सुरात गप्प बसते.

बाई म्हणजे काकांच्या कॉम्प्युटरमधला आवाज. काकांची नजर तिशीतच गेली. पडद्यावर जे काय असेल ते बाई वाचून दाखवते आणि काका बटणांवर काम करतात. माऊसला त्यांनी कधी हात लावला नाही. ऑफिसात ते टेलिफोनवर असतात. आख्ख्या इमारतीचे फोन त्यांच्या बोटांतून जातात, आणि साहेबांचा फोन कॅन्टीनला जोडला गेलाय असं एकदाही झालेलं नाही. आता त्यांनी बढतीची परीक्षा द्यायचं काढलं होतं. चार पेपर. पहिला आणि दुसरा परवावरच आले होते, एकाच दिवशी. पहिला पक्का झाला होता. दुसऱ्याची उजळणी आज करायची ठरली होती, आणि आजच बाईला दुसरा सापडत नव्हता.

पुस्तकं छापील होती, त्यामुळे काकांच्या उपयोगाची शून्य. मग वहिनींनी, म्हणजे काकांच्या मोठ्या भावाच्या बायकोने, ती सगळी मोठ्याने वाचून रेकॉर्ड केली. स्वयंपाकघरात बसून, कामं करता करता. त्यामुळे काकांच्या अभ्यासात "नियम सतरा, पोटनियम दोन, रजेचा अर्ज... थांबा हं भावजी, दूध उतू जातंय" असले प्रकारही होते. काकांना ते तसंच पाठ झालं होतं, दुधासकट.

हे सगळे धडे राहायचे कोठीत. कोठी म्हणजे जिन्याखाली ठेवलेली एक काळी पेटी. आत दोन डिस्क, बाहेर चार दिवे, आणि घुंऽऽ असा पंख्याचा आवाज. घरातला कुठलाही कॉम्प्युटर, कुठलाही फोन वायफायवरून त्या कोठीत हात घालू शकतो. ती बसवली वायऱ्याने, आणि काकांना दर पेपरसाठी एकेक बटणही त्यानेच बांधून दिलं. वायऱ्या हा वहिनींचा धाकटा, म्हणजे काकांचा पुतण्या. कॉलेज अर्धवट, बाकी सगळं इंटरनेटवर बघून बघून शिकलेला. घरातल्या एकूण एक भोकात त्याची एखादी वायर असतेच, म्हणून हे नाव. कालच त्याने कोठीची जुनी डिस्क काढून नवी घातली होती.

आणि म्हणून काका जिन्याच्या तोंडाशी जाऊन ओरडले, "वायऱ्याऽऽ! काय करून ठेवलंस?"

धाड धाड धाड. वायऱ्या जिना चढत नाही, जिन्यावर हल्ला करतो. त्याच्या मागून थोरल्याची पावलं आली, सावकाश, चपला फरफटत. थोरला म्हणजे वायऱ्याचा मोठा भाऊ. चांगल्या कंपनीत, चांगल्या पगारावर, आणि सुट्टीच्या दिवशी कोणी काम सांगितलं की चांगलाच वैतागलेला.

"काय झालं काका?"

"दोन नंबर गेला. तीनही गेला. एक आणि चार आहेत."

"असं कसं होईल? सगळे एकाच ठिकाणी आहेत की."

"ते मला विचारतोस?"

वायऱ्या खुर्चीत बसला, आणि बसल्या बसल्या त्याने पहिलं काम केलं ते बाईचं तोंड बंद करण्याचं. टक. गप्प. सगळेच करतात. ज्याला डोळे आहेत त्याला बाईची कटकट होते. काकांना मात्र त्या क्षणी असं होतं की कोणीतरी खोलीतला दिवा घालवला. पण हे सांगितलं की लोक म्हणतात, "दोनच मिनिटं हो."

"तिला बोलू दे ना," काका म्हणाले.

"दोनच मिनिटं, काका. फार बडबडते."

कळफलक वाजायला लागला. वायऱ्याला एकीकडे बोलत काम करायची सवय, तेवढं बरं होतं. "कोठीला हाक मारली. ओ देतेय, म्हणजे जिवंत आहे. पासवर्ड घेतला. परवानगी... काकांना वाचायची आहे, लिहायची आहे. बरोबर. मग काय बोंबलायला झालंय?" मग म्हणाला, की दोन मशीन एकमेकांशी बोलतात त्याची एक जुनी भाषा असते आणि एक नवी, कदाचित नवी डिस्क घालताना कोठी नव्या भाषेवर अडून बसली असेल. ते बदलून बघितलं. काही नाही. खाली जाऊन वायर काढून दुसरी लावली. काही नाही. कोठी बंद करून चालू केली. जिन्याखालची घुंऽऽ थांबली, परत सुरू झाली. एक उघडतोय. चार उघडतोय. दोन नाही. तीन नाही.

"भाषेचा लोचा असता तर सगळेच बंद पडले असते," वायऱ्या पुटपुटला. "दोन आणि तीनशीच काय वैर?"

"सरक रे," थोरला म्हणाला. माऊसची टिकटिक झाली. आणि लगेच, "हे काय? समोर दिसतंय की! दुसऱ्या पेपरचे धडे. हे बघा."

"बघा?" काका म्हणाले.

थोरला जरा चपापला. "म्हणजे... दिसतंय, असं म्हणतोय. उघडतंय पण. ऐका." आणि खरंच वहिनींचा आवाज आला, नियम एक, व्याख्या. थोरल्याने तो लगेच बंद केला. "झालं. आहे की सगळं. उगाच घर डोक्यावर घेतलंत."

"मग माझ्या बटणाला का सापडत नाही?"

"तुम्ही बटण चुकत असाल."

वायऱ्याने जीभ चावली असावी, कारण त्याचा श्वास ऐकू आला.

"काय म्हणालास?"

"तसं नाही काका, पण होतं कधी कधी. टेन्शन आहे, परीक्षा आहे, बोट इकडचं तिकडे..."

"या बोटांनी सत्तावीस मजली इमारतीचे फोन जोडतो मी! रोज! आणि ही चार बटणं मला चुकणार? एक चुकत नाही, चार चुकत नाही, दोन आणि तीनच चुकतात होय रे? ये, इकडे ये, माझं बोट धर आणि बघ कुठे पडतंय!"

थोरल्याने बोट धरलं नाही. पण वायऱ्याने पाहिलं. काकांनी दाबलं ते दोनच होतं. वायऱ्याने बटणामागे लिहिलेला पत्ता उघडला, पुसला, काकांच्याच कळफलकावर नव्याने टाईप केला. "अक्षर न् अक्षर तपासलं. बटणात जे नाव आहे तेच कोठीत आहे. डिट्टो." दाबलं. पडद्यावर पुन्हा तेच: सापडत नाही.

"हे बघ," थोरला उठत म्हणाला, "परवा परीक्षा आहे. हा खेळ नंतर खेळ. मी पेनड्राईव्ह आणतो, धडे त्यात टाकू आणि काकांना देऊ. रोज जे लागेल ते आपल्यापैकी कोणीतरी टाकून देईल. इतकं काय त्यात?"

इतकं काय त्यात.

कोठी यायच्या आधी हेच तर होतं. धडा संपला की जिन्याच्या तोंडाशी जायचं आणि हाक मारायची. कोणी आहे का? मग खालून आवाज यायचा, "आलो काका, पाच मिनिटं." ती पाच मिनिटं म्हणजे घड्याळातली नव्हेत, ती घरातली पाच मिनिटं. चहा गार व्हायचा, झोप यायची, कधी कधी आपल्याला काय हवं होतं तेच डोक्यातून जायचं. आणि मग कोणीतरी येऊन पेनड्राईव्ह घुसवायचं, चुकीचाच धडा टाकून जायचं, आणि काकांना तो धडा ऐकत बसावं लागायचं, कारण लगेच परत हाक मारायची लाज वाटायची. एवढा बापई माणूस, स्वतःच्या पगारावर जगणारा, आणि एका धड्यासाठी भिक्षेकऱ्यासारखा उंबऱ्यात उभा. वायऱ्याने कोठी बसवून ती चार बटणं बांधून दिली त्या दिवशी काकांनी नुसतं मजा म्हणून चारही बटणं दहा-दहा वेळा दाबली होती.

"मला पेनड्राईव्ह नकोय," ते म्हणाले.

"मग काय नापास व्हायचंय?"

"नापास होईन. पण हाक मारणार नाही."

"ऐकलंस?" थोरला वायऱ्याला म्हणाला. "आता याला काय म्हणायचं? समोर दिसतंय, उघडतंय, आणि हे..." पुढचं तो बोलला नाही. चपला फरफटत खाली गेला. दार आपटलं. म्हणजे गेलाच पेनड्राईव्ह आणायला. काका नको म्हणाले, ते त्याने हिशेबातच धरलं नव्हतं.

"मी डिस्क तपासून येतो काका," वायऱ्या हळूच म्हणाला. "नवी असली तरी एखादा भाग खराब निघतो. राग नका मानू."

"राग मानू नको तर काय आरती ओवाळू?"

वायऱ्याही गेला.

काका खुर्चीत बसले. खुर्ची अजून गरम होती, दुसऱ्याच माणसाच्या उबेने. त्यांनी चाचपून बाईचं बटण दाबलं आणि तिचं तोंड उघडलं.

"बोल बाई," ते म्हणाले. "तुला तरी कोणी काही विचारलंय का?"

एरवी काका कोठीची यादी उघडायच्या भानगडीत पडायचे नाहीत. घरातल्या सगळ्यांनी तिथे आपला कचरा ओतलेला, तो सगळा ऐकत खाली उतरायचं म्हणजे लोकांच्या चपला ओलांडत देवळात... छे, त्यापेक्षा चार बटणं बरी. पण आज थोरल्याला 'समोर दिसतंय' ना? मग आपल्याला समोर काय ऐकू येतंय ते तरी बघू. त्यांनी खाली जायचा बाण दाबला.

"थोरल्याचं लग्न."

बाण.

"थोरल्याचं लग्न नवीन."

बाण.

"थोरल्याचं लग्न नवीन शेवटचं."

"किती वेळा करतोय हा?" काका म्हणाले.

"पावत्या. पिक्चर. पिक्चर बघायचे राहिलेले. पहिल्या पेपरचे धडे."

बाण.

"दुसर, या पेपरचे धडे."

काकांचं बोट बाणावरच थांबलं.

वर गेले. "पहिल्या पेपरचे धडे." खाली आले. "दुसर, या पेपरचे धडे." अजून खाली. "तिसर, या पेपरचे धडे." अजून खाली. "चौथ्या पेपरचे धडे."

चौथ्या सरळ. पहिल्या सरळ. आणि मधल्या दोघांना बाई 'या, या' म्हणून बोलावत होती.

असं बोलावणं काकांच्या ओळखीचं होतं. वायऱ्याचा मेसेज आला की तो खाली आपलं नाव टाकायचा, आणि बाई ते वाचायची, "वायर, या." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काका पोट धरधरून हसले होते. तेव्हापासून पोरगा खोलीत आला की, "या वायर, बसा वायर, कुठून आलात?" गंमत म्हणजे वहिनी खालच्या कॉम्प्युटरवरून मेसेज करायच्या, त्यात तेच नाव बाई नीट म्हणायची. वायऱ्या. सरळ, एका दमात. बाईची जीभ अडखळते कधी कधी, असं समजून सगळे हसले आणि विसरून गेले.

काकांनी दोन नंबरच्या बटणाचा पत्ता उघडला आणि बाईला वाचायला लावला.

"दुसऱ्या पेपरचे धडे."

सरळ. एका दमात.

"हात तुझ्या!" काका उठलेच. जिन्याकडे गेले, आणि आजच्या दिवसातली ही दुसरी हाक अशी काही मारली की शेजारचंही दार उघडलं असेल. "वायर, याऽऽ! वर या, वायर!"

धाड धाड धाड. "काय झालं? डिस्क ठीक आहे हो, मी सगळी..."

"डिस्क सोड. बस इथे. हे वाच आणि हे वाच. सारखंच आहे?"

"सारखंच आहे की. दुसऱ्या, दुसऱ्या. मघाशीच सांगितलं ना, डिट्टो दिस..."

"दिसण्याचं नाव काढलंस तर थोबाडीत देईन. डोळे मिट."

"काय?"

"डोळे मिट म्हणतो ना! मिटलेस? आता ऐक." काकांनी बाण दाबला. "दुसर, या पेपरचे धडे." मग बटणाचा पत्ता. "दुसऱ्या पेपरचे धडे."

वायऱ्याची खुर्ची पुढे सरकली.

"परत लावा," तो म्हणाला.

परत लावलं.

"आयला," वायऱ्या म्हणाला. मग जरा वेळाने पुन्हा, फार हळू, "आयला, काका."

"आता बोल, कोणाचं बोट चुकतंय?"

"माझं," वायऱ्या म्हणाला. मग तो नेहमीसारखा भडाभडा सुरू झाला. 'दुसऱ्या'मधला जो अर्धा र असतो ना, आडवा, कोयत्याच्या पात्यासारखा, तो मशीनमधे लिहायच्या दोन तऱ्हा आहेत. काकांचा आणि आईचा कळफलक एका तऱ्हेने लिहितो, फोन दुसऱ्या तऱ्हेने. डोळ्यांना दोन्ही जुळे भाऊ, तीळसुद्धा सारखा. पण कोठीच्या लेखी ती दोन वेगळी नावं, म्हणजे दोन वेगळी माणसं. "काल नवी डिस्क घातल्यावर मी जिन्याखाली मांडी घालून बसलो आणि फोनवरूनच चारही नावं टाकली, मग त्यात धडे ओतले. पहिल्या, चौथ्यामधे तो र नाहीच, म्हणून ते चालले. दुसऱ्या, तिसऱ्यामधे आहे, म्हणून..."

"म्हणून तुम्ही दोघांनी मिळून मला आंधळ्यात काढलं."

"तुम्ही आहातच की..." वायऱ्याच्या तोंडून निघून गेलं.

काकांच्या नाकातून फुर्रकन हसू आलं, आणि त्याचाच त्यांना पुन्हा राग आला. "आहे ना! मग ज्याला ऐकू येतं त्याला विचारायचं! आल्या आल्या तिचं तोंड दाबलंस. ती बिचारी सकाळपासून सांगतेय, नाव तपासा, नाव तपासा. एकाने तरी तपासलं कानाने?"

"चुकलं काका. थांबा, मी आत्ता नाव बदलून..."

"हात लावू नकोस. मी बदलतो."

वायऱ्या उठला. काका बसले. कोठीतल्या त्या नावावर जाऊन त्यांनी ते पुसलं आणि आपल्या कळफलकावर, आपल्या तऱ्हेने, पुन्हा लिहिलं. द ला उकार. स. मग तो कोयत्यासारखा र. या. प्रत्येक अक्षराला बाई मागोमाग बोलत होती, आणि वायऱ्या मागे उभा राहून, काकांना खात्री होती, डोळे मिटूनच ऐकत होता. मग तिसऱ्या. तसंच.

काकांनी दोन नंबरचं बटण दाबलं.

"...पोटनियम दोन, रजेचा अर्ज मंजूर करणारा अधिकारी... थांबा हं भावजी, दूध उतू जातंय..."

मागच्या वेळी जिथे सोडलं होतं, बरोब्बर तिथून.

तेवढ्यात चपला फरफटत आल्या. "हे घ्या, पेनड्राईव्ह," थोरला धापा टाकत म्हणाला. "मोठा आणलाय, सगळं मावेल. अरे? वाजतंय? झालं का?"

"झालं," वायऱ्या म्हणाला. "काकांनीच शोधलं." आणि त्याने दोन वाक्यांत सांगितलं.

"हात्तिच्या, एवढंच?" थोरला म्हणाला. "मग काका, ऐकायला वेगळं येतंय हे आधी सांगायचं ना!"

वायऱ्याने "दादा, नको..." म्हणायला तोंड उघडलं होतं, पण उशीर झाला होता.

"ऐकू द्यायचं ना आधी!" काका असे कडाडले की रेकॉर्डमधल्या वहिनीही मधेच थांबल्यासारख्या वाटल्या. "सांगायचं म्हणे! सकाळपासून काय मी गाणं म्हणत होतो? नाही सापडत, नाही सापडत, म्हणून घसा सुकला माझा. तुला दिसतंय म्हणजे आहे, आणि मला सापडत नाही म्हणजे माझं बोट वाकडं! एकदा तरी मनात आलं का रे, की हा म्हातारा म्हणतोय तर नसेलही तिथे? आलं का?"

थोरल्याच्या हातात प्लास्टिकचं वेष्टन चुरचुरत होतं.

"नाही आलं," तो शेवटी म्हणाला.

"मग एवढं तरी लक्षात ठेव. या खुर्चीत जो बसेल त्याने बाईच्या तोंडाला हात लावायचा नाही. कटकट होत असेल तर उभं राहायचं. आणि तो पेनड्राईव्ह घेऊन जा. त्यात तुझं लग्न भर. नवीन शेवटचं."

वायऱ्या फिस्सकन हसला. थोरल्याला आधी कळलं नाही, मग कळलं. "तुम्ही कोठीत सगळ्यांचं उघडून..."

"मला समोर ऐकू आलं की!"

ओरडण्यात बुडालेलं ऐकायला काकांनी धडा मागे घेतला, तर एवढा आरडाओरडा ऐकून वहिनी वर आल्या होत्या. दारात उभ्या राहून त्यांनी कॉम्प्युटरमधला आपलाच आवाज ऐकला, थांबा हं भावजी, आणि कपाळावर हात मारल्याचा चट्ट आवाज आला. "अरे वायऱ्या, ते दूध काढ ना रे त्यातून! किती दिवस सांगतेय! लोक काय म्हणतील?"

"खबरदार," धडा थांबवत काका म्हणाले. "दुधानंतर पोटनियम तीन येतो, ते मला दुधामुळेच लक्षात आहे. परीक्षेत तो विचारला तर आधी मला दूध आठवेल, मग नियम. कोणी काही काढायचं नाही, कोणी काही घालायचं नाही. नावं तर अजिबात नाही. आता निघा सगळे, परवा पेपर आहे."

सगळे निघाले. धाड धाड, फरफट, आणि वहिनींची हलकी पावलं. शेवटच्या पायरीवरून वायऱ्याने विचारलं, "काका, चहा आणू?"

"लागला तर हाक मारीन," काका म्हणाले.

दार लोटलं. बोटाने दोन नंबर चाचपला, आणि दाबला.